कर्फ्यूच्या दिवसांची मजुरी

तक्रारदार : प्रस्तुत लेखक. व्यवसाय अर्जनवीस, म्हणजे कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज-करार लिहून देणारा, शिक्षण सातवी उत्तीर्ण, मूळ राहणार नगर जिल्हा, हल्ली मुक्काम चंदीगड.

ज्यांच्याविरुद्ध : एक बांधकाम ठेकेदार, आमच्या ख्रिस्ती मंडळीची बांधकाम समिती, आणि ज्याने या दोघांचेही कागद लिहिले तो इसम, म्हणजे पुन्हा प्रस्तुत लेखकच.

काळ : पंजाबातील अशांततेची वर्षे. नेमक्या तारखा माझ्या रोजवहीत आहेत आणि मागितल्यास दाखवीन.

स्थळ : सतराव्या सेक्टरातील कचेरीसमोरचे माझे टेबल, खरड गावाच्या वाटेवरचे एक अर्धवट बांधकाम, आणि आमचे उपासनामंदिर.

साक्षीदार : पहिल्या, एक निवृत्त लष्करी मेट्रन, ज्या आता हयात नाहीत. दुसरे, सरकारी सफाई खात्यातून निवृत्त झालेले एक झाडूवाले गृहस्थ, जे हयात आहेत आणि अजून मोठ्याने बोलतात. तिसरे, त्या रविवारी उपासनेला हजर असलेले सर्व जण, ज्यांपैकी बहुतेकांना आता काही आठवत नाही.

विषय : तेवीस मजुरांची कर्फ्यूच्या दिवसांची मजुरी.

या कागदात एकाही माणसाचे नाव नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. ती सवय त्या वर्षांनी लावली. माझ्या टेबलापाशी येणारा माणूस आधी इकडेतिकडे पाहायचा आणि मग हळूच म्हणायचा, “मुंशीजी, गाँव का नाम रहने दो.” नावावरून धर्म कळायचा, गावावरून बाजू कळायची, आणि दोन्ही कळलेला कागद कोणाच्या हाती पडेल याचा भरवसा नव्हता. तेव्हापासून मी नावाविना माणूस ओळखू येईल असे लिहिण्याचा अभ्यास केला. तोच येथे उपयोगी पडत आहे.

माझा थोरला भाऊ फौजेत हवालदार होता. त्याची बदली चंडीमंदिरच्या छावणीत झाली तेव्हा मी त्याच्यासोबत आलो. पुढे तो बदलून गेला, मी राहिलो. शाळा सातवीनंतर सुटली, परंतु भाषेचा नाद सुटला नाही. हिंदी छावणीत शिकलो. कचेरीची उर्दूमिश्रित हिंदी एका वृद्ध अर्जनवीसाशेजारी चार वर्षे बसून आत्मसात केली. पंजाबी आपोआप आली. आज वकिलांचे कारकून आपले मसुदे माझ्याकडून तपासून नेतात. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. साक्ष देणाऱ्याचे वजन किती, हे न्याय करणाऱ्याला आधीच ठाऊक असावे म्हणून नमूद करतो.

आमच्या व्यवसायाची एक रीत येथे सांगणे भाग आहे. अशिक्षित माणसाचा कागद लिहिला की त्याच्या अंगठ्याच्या वर एक ओळ टाकावी लागते : “पढ़कर सुनाया व समझाया गया, सुन-समझकर सही माना.” ही ओळ मी दिवसातून वीसपंचवीस वेळा टाइप करीत असे; बोटे ती माझ्याशिवायही टाइप करू शकली असती. वाचून दाखवणे मात्र क्वचितच घडे. कारण वाचून दाखवले की माणूस ऐकतो, ऐकले की त्याला काही तरी आठवते, आणि आठवले की तो म्हणतो, असे नव्हते हो. मग कागद पुन्हा लिहावा लागतो, आणि मागे रांग उभी असते. सारेच अर्जनवीस असे करीत. मीही केले.

आता मेट्रनविषयी. मी हा सारा खटाटोप मुळात त्यांच्यासाठी मांडला आहे, म्हणून थोडी जागा घेतो.

त्या आमच्याच जिल्ह्याच्या, आमच्याच मंडळीत वाढलेल्या. देशभरच्या लष्करी इस्पितळांत नोकरी करून निवृत्त झाल्या आणि बाविसाव्या सेक्टरात एका घराच्या मागच्या खोलीत राहिल्या. गावी का गेला नाहीत, असे कोणी विचारले की म्हणत, “गावात मला सगळे ओळखतात. तिथं मी म्हातारी होईन.” पांढरी साडी, छातीवर उलटे टाचलेले घड्याळ, आणि पायांत पुरुषी बूट. महिन्यातून एका रविवारी दुपारी फौजी कुटुंबांची मराठी प्रार्थना एखाद्या सुभेदाराच्या क्वार्टरमध्ये होई. तेथे मुले पुस्तकातून खणखणीत मराठी भजने गात आणि लगेच वळून “आंटी, समोसे कब मिलेंगे?” विचारीत. मेट्रन त्यांना सांगत, “मराठीत मागाल तेव्हा.” मग सगळी पोरे एका सुरात, “आम्हाला समोसे पाहिजे!” त्या दोन दोन वाढीत.

त्यांची बाजारहाट पाहण्यासारखी असे. कर्फ्यूत दोन तासांची ढील मिळाली की भाजीची गाडी रस्त्यावर येई आणि कांद्याचा भाव ऐकून बायका कपाळाला हात लावीत. घासाघीस सगळेच करीत. मेट्रन करीत नसत. त्या गाडीवाल्याला विचारत, “मंडी से कितने में लाए, भाई?” तो सांगे. मग त्या मनाशी हिशेब करून, त्याच्या दिवसाचे जे योग्य वाटेल तेवढे वर घालून पैसे देत. एकदा तो अगदीच खोटे बोलला. यांनी त्याने मागितले तेवढे मुकाट्याने दिले आणि म्हणाल्या, “आज लूट का दाम दे रही हूँ. कल भी यहीं आऊँगी, सही दाम लेकर.” दुसऱ्या दिवशी गाडीवाल्याने त्यांना पाहून स्वतःच अर्धा किलो जास्त तोलला. मी ते डोळ्यांनी पाहिले आहे.

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट मला एका वृद्ध सुभेदाराने सांगितली. शस्त्रक्रियेआधी रोग्याची संमती घेण्याचा एक छापील कागद असतो. इतर ठिकाणी शिपायाला सांगत, येथे सही कर. मेट्रनच्या वॉर्डात तो कागद त्याला त्याच्या भाषेत समजावल्याखेरीज सही होत नसे. एखादा शिपाई दूर दक्षिणेचा असला तर त्याची बोली जाणणारा स्वयंपाकी किंवा धोबी शोधून आणला जाई. डॉक्टर हातमोजे घालून ओरडत असत. त्या म्हणत, “सर, पोट त्याचं आहे.”

अशा बाई आमच्या मंडळीच्या बांधकाम समितीवर होत्या. मंडळीने खरडच्या वाटेवर, त्या काळी जेथे शेते आणि वीटभट्ट्यांखेरीज फारसे काही नव्हते, गोरगरिबांसाठी दवाखाना बांधायला घेतला होता. ठेका सर्वांत कमी दर देणाऱ्याला मिळाला. करारनामा मी लिहिला, आणि तो माझ्या हातून उतरलेल्या उत्तम कागदांपैकी एक होता, असे आजही म्हणतो. त्यात मी एक कलम घातले : दंगा, बंद, कर्फ्यू अथवा सरकारी मनाईमुळे काम थांबल्यास त्या दिवसांचा कोणताही बोजा मालकावर, म्हणजे मंडळीवर, राहणार नाही. खजिनदारांनी ते वाचून माझी पाठ थोपटली. म्हणाले, “वाह मुंशीजी, ये तो किसी वकील को भी न सूझता. आख़िर ख़ुदा का पैसा है, हम तो उसके कारिंदे हैं.” देवाच्या पैशाचे राखणदार म्हणून आपण चोख वागलो, या समाधानात समितीने सह्या केल्या. मेट्रननेही केली.

त्याच हिवाळ्यात दिल्लीकडच्या एका धर्मविद्यालयातले शिक्षक आमच्याकडे आले आणि त्यांनी तीन संध्याकाळी अभ्यासवर्ग घेतला. विषय होता, ख्रिस्ती नीती आणि अर्थव्यवस्था. अंधार पडायच्या आत घरी पोचावे लागे, म्हणून वर्ग चारलाच सुरू होई. शिक्षकांनी फळ्यावर तीन रकाने आखले. एका व्यवस्थेत बाजार ठरवतो, दुसरीत सरकार ठरवते, तिसरीत लोक एकत्र येऊन सहकाराने ठरवतात. प्रत्येकीचे गुण आणि दोष त्यांनी असे मांडले की मी वहीची बावीस पाने भरली. माणूस हे साधन नव्हे; श्रम ही विकाऊ वस्तू असली तरी श्रमिक नव्हे; मालमत्ता ही आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे, तिचा जाब द्यावा लागेल. अशी वाक्ये मी आयुष्यात प्रथमच ऐकत होतो आणि ती माझ्यासाठीच बोलली जात आहेत असे मला वाटत होते. प्रश्न विचारण्याची वेळ आली तेव्हा मी दोन विचारले, दोन्ही तात्त्विक.

मेट्रन मागच्या बाकावर लोकरीचे मोजे विणत बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला. “सर, इन तीनों में कर्फ्यू का दिन किसके सिर जाता है?”

काही जण हसले. शिक्षक हसले नाहीत. खडू खाली ठेवून त्यांनी सांगितले की ज्या दिवशी कोणीच काम करू शकत नाही, त्या दिवसाचे नुकसान प्रत्येक जण आपल्या खालच्यावर ढकलतो. ते घरंगळत जाते आणि ज्याला आणखी खाली ढकलायला कोणी नसते त्याच्यापाशी थांबते. बाजारात ते एका वाटेने जाते, सरकारात दुसऱ्या. व्यवस्थेची नैतिक परीक्षा करायची तर तिने स्वतःविषयी काय म्हटले आहे ते ऐकत बसू नये. तो दिवस अखेर कोठे जाऊन थांबला ते पाहावे.

मी हेही वहीत उतरवले. माझ्या मनात तेव्हा इतकेच आले की उत्तर चांगले आहे.

त्यानंतर दिवस बिघडले. खरडच्या बाजूच्या एका वीटभट्टीजवळ संध्याकाळी गोळ्या झाडल्याची बातमी आली. कोण मेले, किती मेले, यावर प्रत्येकाचे वेगळे सांगणे होते. परंतु परप्रांतीय मजुरांनी निघून जावे, एवढा अर्थ सर्वांना सारखाच कळला. लगोलग कर्फ्यू लागला आणि तो लांबला. आमच्या बांधकामावर तेवीस मजूर होते, सारे बिहारातल्या रांचीकडचे, काही जोडप्याने आलेले. ते विटांच्या थप्प्यांमागे, दिवा न लावता बसून राहिले. कर्फ्यू उठला तेव्हा त्यांचे एकच म्हणणे होते : आमचे पैसे द्या, आम्ही घरी जातो. पैशांवाचून त्यांना जाता येत नव्हते, आणि तेथे राहता येत नव्हते.

ठेकेदार माझ्याकडे आला. मजुरांनी काम खुशीने सोडले, सर्व मजुरी भरून पावली, पुढे दावा नाही, असे कागद हवे होते. काम केलेल्या दिवसांचे पैसे तो देत होता. कर्फ्यूच्या दिवसांचे नव्हे. मी कागद तयार केले. मालकाच्या वतीने एक साक्षीदार लागत होता. खजिनदारांना ताप होता, म्हणून समितीने मेट्रनना पाठवले.

तो शुक्रवार होता. कचेरीच्या दारात वाळूची पोती रचलेली, शिपाई झडती घेत होते. ठेकेदाराने एका ट्रॉलीतून सतरा जण आणले आणि माझ्या टेबलासमोर ओळीने बसवले. अंगाखांद्यावर बोचकी, एकीच्या हातात जस्ताची बादली.

“मुंशीजी, फटाफट अंगूठे लगवाओ. इन्होंने अंबाले से गड्डी पकड़नी है.”

मी शाईची डबी उघडली. मेट्रन स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी पहिला कागद उचलला, शेवटची ओळ वाचली आणि मला मराठीत विचारले, “वाचून दाखवलंस का रे यांना?”

“बाई, ही पद्धत आहे. तसं शेवटी लिहिलेलंच असतं.”

“लिहिलेलं आहे म्हणूनच विचारते. तक्त्यावर ‘औषध दिलं’ असं लिहून औषध न देणारी पोरगी सापडली की मी काय करायची, ठाऊक आहे?”

“काय?”

“तिलाच ते प्यायला लावायची. वाच.”

शेजारच्या टेबलांवरचे अर्जनवीस माना वळवून पाहू लागले. मी घसा खाकरला आणि वाचले : मुकिर अपनी कुल उजरत बेबाक वसूल पा चुका है और आइंदा हर क़िस्म के दावे से दस्तबरदार होता है. मजूर माना डोलवीत होते, जसे लोक लग्नातले न कळणारे विधी ऐकतात.

“ही कोणाची भाषा?” मेट्रन म्हणाल्या.

“कचेरीची.”

“आता माणसांच्या भाषेत सांग.”

मी सांगितले. “इसमें लिखा है कि आप लोगों का पूरा पैसा मिल गया. कर्फ्यू के दिनों का कुछ बाक़ी नहीं. काम आप अपनी ख़ुशी से छोड़ रहे हैं. आगे कभी नहीं माँगेंगे.”

माझ्याच तोंडून ही चार वाक्ये बाहेर पडताना मला प्रथम कळले की त्यांपैकी एकही खरे नव्हते. इतक्या वर्षांत मी कधी माझा कागद ऐकला नव्हता. फक्त लिहिला होता.

ओळीतला एक पिकलेल्या केसांचा मजूर उठून उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, “बाबू, पूरा मिल गया तो हमको पता काहे नहीं चला?”

बादलीवाली बाई बसल्या जागेवरून म्हणाली, “जिसको मिला है, उसी का अंगूठा लगवा लो ना.” सगळे हसले. भ्यालेली माणसेही हसतात.

ठेकेदार तापला. “मैडम जी, आप चर्च की तरफ़ से आई हैं या इनकी तरफ़ से?”

“मैं गवाह हूँ,” मेट्रन म्हणाल्या. “गवाह किसी की तरफ़ से नहीं आता.”

“अच्छा जी? तो फिर ऊपर वाला काग़ज़ भी पढ़वा लो!” त्याने खिशातून चौघडी केलेला करारनामा काढून टेबलावर आपटला. “आपकी कमेटी ने मेरे कर्फ्यू के दिन काटे. मैं इनके न काटूँ तो अपना स्कूटर बेच दूँ? ये भी इन्हीं मुंशीजी की क़लम है.”

मेट्रनने मला ते कलम वाचायला लावले, तसेच, साध्या भाषेत. मजुरांपुढे मी सांगितले की कर्फ्यूचे दिवस चर्चचे नाहीत, ठेकेदाराचे आहेत. आणि ठेकेदाराने ते तुमचे केले, हे सांगावे लागले नाही. ते त्यांना दिसले. फळ्यासमोर ऐकलेले ते घरंगळणे माझ्या टेबलावरून, माझ्या टाइपरायटरमधून खाली आले होते. दोन्ही पायऱ्या मी बांधल्या होत्या.

मेट्रनने चष्मा काढला. “ही खालची सही माझी.”

“होय, बाई.”

“मला वाचून दाखवलं होतंस?”

“नाही. तुम्ही म्हणालात, प्रार्थनेला उशीर होतोय.”

त्यांनी करारनामा घडी करून माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाल्या, “म्हणजे औषध मलाही प्यायला हवं.” आणि ठेकेदाराकडे वळून, अगदी वॉर्डातल्या आवाजात, “भाईसाहब, आज कोई अंगूठा नहीं लगेगा. इतवार को लगेगा, सच्चे काग़ज़ पर. आप भी आना.”

ते दोन दिवस मजूर उपासनामंदिराच्या आवारातल्या सायकलींच्या शेडमध्ये राहिले. मेट्रनने फौजी घरांतून रजया गोळा केल्या. त्याच वेळी कळले की त्यांपैकी बरेचसे ख्रिस्तीच होते. आम्ही कधी विचारलेच नव्हते. पाळकसाहेब गहिवरून म्हणाले की हे तर आपलेच भाऊबंद. मेट्रन मला हळूच म्हणाल्या, “ख्रिस्ती नसते, तरी दिवस तेवढेच होते.”

रविवारी उपदेशानंतर सूचनांची वेळ आली. मजूर पुढच्या सतरंज्यांवर बसले होते. मेट्रन उभ्या राहिल्या आणि त्यांनी फक्त एवढेच मागितले की करारनाम्याचे ते कलम, ज्यांना ते लागू झाले त्यांच्या समोर, मोठ्याने वाचले जावे. खजिनदार अस्वस्थ झाले. म्हणाले की हा समितीच्या बैठकीचा विषय आहे. पाळकसाहेबांनी छताकडे पाहिले आणि होकारार्थी मान हलवली. मी पुढे गेलो आणि वाचले. ज्या कलमाचा मला इतका अभिमान होता, ते त्या शांततेत उच्चारताना माझे कान तापले. व्यासपीठापासून चार हातांवर बादलीवाली बाई माझ्या ओठांकडे पाहत होती.

मग वाद झाला. तो प्रामाणिक वाद होता, हे मी लिहून ठेवतो. खजिनदार वाईट माणूस नव्हते. त्यांनी विचारले, दवाखाना गरिबांसाठीच आहे ना? आज सतरा जणांना दिले तर उद्या शेकडो रोग्यांचे छप्पर अडेल. कोणते गरीब आधी? कोणी म्हणाले, कायदा आपल्या बाजूने आहे. कोणी म्हणाले, आज दिले तर प्रत्येक ठेकेदार डोक्यावर बसेल. मेट्रन म्हणाल्या, “रोगी अजून आलेले नाहीत. हे आलेत.” तरीही हात वर व्हायला तयार नव्हते.

तेव्हा मागून आमचे झाडूवाले गृहस्थ उठले. त्यांचा आवाज रस्त्यावर तयार झालेला. “पादरी जी, कर्फ्यू विच साडी तनख़ाह ते सरकार ने वी नहीं कट्टी. हुण दस्सो, रब्ब दी कमेटी सरकार तों वी गई-गुज़री ऐ?” कर्फ्यूत आमचा पगार सरकारनेसुद्धा कापला नाही, देवाची समिती सरकारपेक्षाही खालची आहे काय, असे त्यांचे विचारणे. अख्खे मंदिर हसले. खजिनदारही हसले, आणि हसता हसता त्यांनीच पहिला हात वर केला.

मजुरी दिली गेली. ठेकेदाराचे कर्फ्यूचे दिवस समितीने घेतले, मजुरांचे आपोआप सुटले. मी सतरा नवे कागद लिहिले, प्रत्येक वाचून दाखवला, आणि दोन ठिकाणी मजुरांनी चूक काढली ती दुरुस्त केली. सोमवारी सकाळी ते अंबाल्याच्या बसमध्ये बसले. दवाखान्याच्या भिंतींना पुढे दोन वर्षे गिलावा झाला नाही. रोगी उघड्या विटांखाली बसत, आणि मेट्रन त्या विटांवर हात फिरवून म्हणत, “किती छान दिसतात नाही?” मला त्या खरोखरच छान दिसू लागल्या होत्या.

वाचकांनी आकडा पाहिला असेल. मजूर तेवीस होते; मी सतरा जणांचे सांगितले. उरलेले सहा, भीतीने, आधीच्या मंगळवारीच निघून गेले होते. त्यांचे अंगठे मी घेतले होते, त्याच जुन्या कागदांवर, साक्षीदाराची जागा कोरी ठेवून, मेट्रन नसताना. त्यांपैकी एका स्त्रीने मला विचारले होते, “बाबू, का लिखल है?”, म्हणजे काय लिहिले आहे, आणि मी म्हणालो होतो, “छुट्टी का काग़ज़ है, लगा दो.” तिने लावला.

हे मी मेट्रनना मजूर गेल्यावर आठवड्याने सांगितले. त्या ओरडतील या तयारीने गेलो होतो. त्यांनी चहा ठेवला आणि विचारले, “पत्ता लिहिलायस ना?” मी लिहिला होता : साकिन ज़िला राँची. आम्ही अर्जनवीस अनोळखी मजुराचा पत्ता एवढाच लिहितो. गाव, वाडी, बापाचे नाव विचारण्यात वेळ जातो. मी सोबत नेलेल्या प्रतीवरची ती ओळ मेट्रनने वाचली. “एवढ्या मोठ्या जिल्ह्यात सहा माणसं,” त्या म्हणाल्या, “बरं, शोधू.”

आणि त्यांनी शोधले. त्या भागातल्या मंडळ्यांना आणि दवाखान्यांना त्या पत्रे लिहीत. मसुदा मी करीत असे, विनामूल्य. अनेक पत्रे परत आली. दोघांचा पत्ता लागला आणि त्यांचे पैसे मनीऑर्डरीने पोचले. पावतीवरचे अंगठे मेट्रनने मला दाखवले. चौघे राहिले. त्यांची मजुरी समितीकडे वेगळी ठेवलेली होती, आणि मेट्रन दर बैठकीत पहिला प्रश्न तोच विचारीत, इतका की बैठक सुरू झाल्याची खूणच ती झाली. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. त्यानंतरच्या बैठकीत तो प्रश्न कोणी विचारला नाही. गेल्या महिन्यात समितीने ठराव केला की ही रक्कम कोणी मागत नसल्याने ती दवाखान्याच्या नव्या पंख्यांसाठी वापरावी. ठराव सुबक हिंदीत आहे. तो मी लिहिलेला नाही.

या ठरावास माझी हरकत आहे. ज्यांना मागता येईल असे आम्हीच ठेवले नाही, ते मागत नाहीत असे आम्ही म्हणू शकत नाही. मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. तरी त्या बावीस पानांच्या वहीपेक्षा मला त्या शुक्रवारी अधिक कळले आणि ते मी निःशंकपणे मांडतो. बाजार असो, सरकार असो वा देवाची मंडळी असो, तिचा कागद सर्वांत खालच्या माणसाला त्याच्या भाषेत, त्याच्या तोंडावर वाचून दाखवता आला पाहिजे. येत नसेल, तर त्या कागदात चोरी आहे. मग अक्षर कितीही वळणदार असो. हे माप माझे नाही. एका बाईने स्टुलावर बसून ते माझ्या हाती दिले.

सबब मागणी अशी : चौघांची मजुरी पंख्यांत घालू नये. ती तशीच राखून, दरवर्षी त्यांचा शोध घेण्याचे काम समितीने कोणा एकाला लेखी सोपवावे; कोणी पुढे न आल्यास मी तयार आहे. तसेच, न वाचता ‘वाचून दाखवले’ असे लिहून ज्याने सहा माणसांचे अंगठे घेतले, त्या अर्जनवीसाचे काय करावे, याचाही निर्णय द्यावा. हिंदी प्रत समितीला दिली आहे, तिची पोच मिळाली आहे, उत्तर मिळालेले नाही. ही मराठी प्रत मी वाचकांपुढे ठेवतो, कारण मेट्रन मराठी होत्या आणि त्यांच्या माणसांना हे ठाऊक असावे. कोणाच्याही बाजूने असो, उत्तर लेखी मिळावे. आणि शक्य झाल्यास ते पाठवण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचून पाहावे, ही नम्र विनंती.

वरील मजकूर मी स्वतःला वाचून दाखवला आहे. ऐकून, समजून, बरोबर आहे असे मान्य करून सही करतो.